सॉफ्टवेअर सिंथमध्ये मॉड्युलेशन पडद्यावर कसे दाखवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉड्युलेशन म्हणजे एखाद्या स्रोताने आवाजाची एखादी किंमत आपोआप हलवत राहणे. ३ एलएफओ (वर-खाली झुलत राहणारे सिग्नल), ४ एन्व्हलप (सूर सुरू झाल्यापासून विरेपर्यंतचा चढउतार), मॉड व्हील (कीबोर्डवरचे हाताने फिरवायचे चाक) आणि व्हेलॉसिटी (किल्ली किती जोरात दाबली ते) एवढे स्रोत असलेला, १६ व्हॉइसचा म्हणजे एकाच वेळी १६ सूर वाजवणारा एक सिंथ प्लगिन तयार होत आहे. आवाज मनासारखा जमला आहे. पण कोणता स्रोत कोणत्या नॉबला किती हलवतो हे पडद्यावर दाखवायला गेले की सगळेच एकदम हलू लागते आणि कशावरच नजर ठरत नाही. अशा वेळी नॉब स्वतःच फिरवावा, त्याच्याभोवती रंगीत कडे काढावे, की सरळ मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणता स्रोत कुठे जोडला आहे याचा, तक्ता देऊन मोकळे व्हावे? या तिन्ही पद्धती मी वेगवेगळ्या वेळी वापरल्या आहेत. माझे उत्तर असे, की कडे आणि तक्ता दोन्ही लागतात, नॉब मात्र मॉड्युलेशनने कधीही फिरवू नये. आणि या आग्रहामागचे जे कारण आहे त्यावरच पडद्याची बाकीची रचना उभी राहत असल्याने ते आधी मांडतो.

मॉड्युलेशन लागलेल्या कोणत्याही पॅरामीटरला, म्हणजे नॉबने ठरवायच्या गुणधर्माला, एकाच वेळी तीन गोष्टी चिकटलेल्या असतात. वापरणाऱ्याने हाताने ठरवलेली मूळ किंमत ही पहिली. स्रोत त्या किमतीला जास्तीत जास्त कुठून कुठपर्यंत नेऊ शकतो तो पल्ला ही दुसरी. आणि या क्षणी फिल्टरला किंवा ऑसिलेटरला प्रत्यक्षात जी किंमत मिळत आहे ती तिसरी. फिल्टरचा कटऑफ (ज्या कंपनसंख्येपासून फिल्टर आवाज कापू लागतो ती) १००० हर्ट्झवर ठेवला आणि त्याला दोन्ही बाजूंनी २ सप्तकांचा एलएफओ लावला, तर मूळ किंमत १०००, पल्ला २५० ते ४००० आणि चालू किंमत मात्र दर क्षणाला वेगळी. वापरणाऱ्याला या तिन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी पडते: नॉब धरताना पहिलीची, पॅच, म्हणजे आवाजाची जुळणी, बांधताना दुसरीची, आणि ‘आवाज असा का येतो आहे’ हे शोधताना तिसरीची. पडद्यावरचा बहुतेक गोंधळ या तिन्हींपैकी दोन गोष्टी एकाच रेघेने दाखवल्यामुळे होतो.

माझ्या पहिल्या सिंथमध्ये मी नेमके हेच केले होते. एलएफओ लागला की नॉबचा काटाच डोलायचा, आणि पहिला दिवसभर ते पाहून मला फार समाधान वाटले. मग एका वादकाने तो नॉब पकडून थोडा खाली आणण्याचा प्रयत्न केला. त्याने काटा पकडला तेव्हा तो डोलण्याच्या वरच्या टोकाला होता, मूळ किंमत मधेच कुठेतरी होती. त्यामुळे काटा थोडाच खाली ओढूनही आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त दबला. त्याने विचारले, “मी नक्की काय धरलं आहे?” त्याला देण्यासारखे उत्तर माझ्या पडद्यात नव्हते. प्रीसेट, म्हणजे तयार जुळणी, साठवताना तर त्याहून वाईट: साठवलेली किंमत आणि साठवताना दिसणारी किंमत यांचा मेळच बसत नसे. तेव्हापासूनचा माझा नियम असा, की काटा हाताचा आणि त्याला हात सोडून दुसऱ्या कोणी हलवायचे नाही.

होस्टमधले, म्हणजे प्लगिन ज्या संगीत सॉफ्टवेअरमध्ये चालते त्यातले, ऑटोमेशन याला अपवाद वाटेल, पण तो अपवाद नाही. ऑटोमेशन म्हणजे नोंदवून ठेवलेला हातच. ते मूळ किंमत बदलते, म्हणून त्याने काटा फिरवणे योग्यच आहे. २०२२ साली बिटविग आणि यू-ही या संगीत सॉफ्टवेअर कंपन्यांनी पुढे आणलेल्या क्लॅप या प्लगिन मानकात तर हा भेद सरळ मान्य केलेला आहे: पॅरामीटरची किंमत बदलणारी घटना वेगळी आणि तिच्यावर तात्पुरती भर घालणारी मॉड्युलेशनची घटना वेगळी, त्यामुळे दुसरी थांबली की पॅरामीटर आपल्या मूळ जागीच सापडतो. तुमचे प्लगिन क्लॅपमध्ये उपलब्ध करायचे असेल, तर होस्टकडून येणारे हे मॉड्युलेशनही काट्याऐवजी चालू किंमत दाखवणाऱ्या ठिपक्याकडेच वळवा.

या अडचणीची मुळे जुन्या यंत्रांत आहेत. मूगच्या मॉड्युलर सिंथेसायझरवर कुठला स्रोत कुठे गेला आहे हे केबल पाहूनच कळे, मात्र किती गेला आहे हे केबल सांगत नसे; ते जवळच्या एखाद्या नॉबवरून ताडावे लागे. १९६९ च्या व्हीसीएस-३ या सिंथमध्ये केबलचा गुंता काढून १६ बाय १६ छिद्रांचा पिन मॅट्रिक्स आला, म्हणजे आजच्या मॅट्रिक्स पानाचा थेट पूर्वजच. यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ ने तर सगळेच पोटात घेतले: किमती बदलायला एक स्लायडर, काही बटणे, दोन ओळींचा छोटा डिस्प्ले, आणि ३२ अल्गोरिदमच्या, म्हणजे ऑसिलेटरांच्या आपसातल्या जोडण्यांच्या, आकृत्या पॅनेलवर छापलेल्या, कारण त्या दाखवण्याइतकी जागा पडद्यावर नव्हती. सॉफ्टवेअरला जागा मिळाली तरी पहिली काही वर्षे जुन्या पॅनेलांची चित्रेच काढली गेली. नॉबभोवतीच्या रंगीत कड्यावर पल्ला दाखवायची सवय लोकांना मोठ्या प्रमाणावर लावली ती मॅसिव्ह या सॉफ्टवेअर सिंथने; त्याच जातीच्या २०१४ च्या सीरमने आणि २०२० च्या व्हायटलने स्रोत ओढून नॉबवर सोडणे आणि त्याचा परिणाम तिथेच हलताना पाहणे इतके अंगवळणी पाडले, की आज वापरणारा तेवढे गृहीतच धरतो.

आता कड्याच्या भूमितीकडे वळतो. चुका सर्वांत जास्त इथे होतात आणि त्या दिसत मात्र नाहीत. समजा कटऑफचा नॉब २० ते २०,००० हर्ट्झचा आहे आणि काटा एकूण २७० अंश फिरतो. हे अंतर जवळजवळ १० सप्तकांचे आहे, म्हणजे नॉब लॉगरिदमिक असेल तर एका सप्तकाला २७ अंश मिळतात. वरच्या उदाहरणातला २ सप्तकांचा एलएफओ काट्याच्या दोन्ही बाजूंना ५४-५४ अंशांचा कंस काढेल आणि काटा फिरवला तरी कंसाची लांबी बदलणार नाही. तो काट्याबरोबर नुसता सरकेल. तुमच्या इंजिनात मॉड्युलेशनची बेरीज हर्ट्झमध्ये होत असेल आणि कडे मात्र सप्तकांत काढले जात असेल, तर खालच्या भागात कंस प्रत्यक्षापेक्षा फारच छोटा दिसेल आणि वरच्या भागात फारच मोठा. म्हणून कंसाची टोके काढण्यासाठी वेगळे गणित लिहू नये. इंजिन ज्या फंक्शनने मूळ किंमत आणि स्रोताची मात्रा यांची बेरीज करते, तेच फंक्शन स्रोताच्या दोन टोकांच्या किमती देऊन चालवावे आणि येणाऱ्या उत्तराचे अंशांत रूपांतर करावे.

याच पद्धतीने मर्यादेचा प्रश्नही सुटतो. काटा ८००० हर्ट्झवर नेला तर तोच एलएफओ वर ३२,००० पर्यंत जाऊ पाहील, पण नॉब २०,००० ला संपतो. वरचा कंस ५४ ऐवजी साधारण ३६ अंशांवर थांबेल, खालचा पूर्ण राहील. साइन आकाराचा एलएफओ असेल तर तो प्रत्येक आवर्तनात पाव भागाहून थोडा अधिक वेळ वरच्या टोकाला अडकून राहतो, आणि कानाला ते जाणवते: वर जाऊन थबकणारा, गोलाई गेलेला झोका. अशा वेळी कंसाच्या अडलेल्या टोकाला मी एक छोटी जाड आडवी रेघ काढतो. बहुतेकांना तिचा अर्थ सांगावा लागत नाही. काटा जरा खाली आणल्यावर रेघ नाहीशी होते आणि आवाज मोकळा होतो, एवढे त्यांना पुरते.

एकतर्फी आणि दुतर्फी स्रोतांमधला फरकही कंसानेच दाखवावा, शब्दांनी नव्हे. एन्व्हलप शून्यावरून एकाच दिशेला जातो, म्हणून त्याचा कंस काट्यापासून सुरू होऊन एका बाजूला संपला पाहिजे. मात्रा उणे असेल तर उलट बाजूला. एलएफओचा कंस काटा मध्ये धरून दोन्हीकडे पसरतो. ज्या सिंथमध्ये एलएफओला एकतर्फी करण्याचे बटण असते, तिथे ते दाबताक्षणी कंसाने जागा बदलली पाहिजे.

एकाच नॉबवर चार स्रोत आले तर काय करायचे? चार कडी एकात एक काढण्याचा मोह टाळावा. ३६ पिक्सेल व्यासाच्या नॉबभोवती दुसऱ्या कड्यानंतर डोळ्यांना काहीही मोजता येत नाही, आणि पडदा नेमबाजीच्या फळ्यांनी भरल्यासारखा दिसतो. माझ्या मते सर्ज या सिंथची रीत सर्वांत समंजस आहे, आणि २०१८ पासून त्याचा कोड खुला असल्याने ती आतून अभ्यासताही येते: तुम्ही आधी स्रोत निवडता, आणि मग सगळे स्लायडर त्या एका स्रोताचा आपल्यावरचा वाटा दाखवू लागतात. मी यात एवढीच भर घालतो, की निवडलेल्या स्रोताचा कंस ठळक रंगात आणि सगळ्या स्रोतांची मिळून होणारी हद्द त्याच्यामागे फिकट राखाडी. स्रोत निवडलेला नसेल तेव्हा फक्त राखाडी हद्द आणि ठिपका. रंगावर मात्र सगळी भिस्त ठेवू नका; पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्क्यांपर्यंत आढळणारे लाल-हिरव्याचे रंगांधत्व लक्षात घेता, दोन एलएफओ एक हिरवा आणि एक लालसर असे ठरवणे म्हणजे बऱ्याच जणांना ते एकच आहेत असे सांगणे होय. कंसाच्या टोकाशी स्रोताचा क्रमांक बसतो, तो बसवावा.

आता ठिपका, म्हणजे चालू किंमत. इथे पहिला प्रश्न ‘कुठल्या व्हॉइसची’ हा आहे. सहा सुरांचा कॉर्ड धरला असेल आणि फिल्टरचा एन्व्हलप प्रत्येक व्हॉइसचा स्वतंत्र असेल, तर कटऑफला एकाच वेळी सहा चालू किमती आहेत आणि त्यांची सरासरी ही कुठल्याही व्हॉइसची किंमत नाही. सरासरी दाखवू नका. शेवटी वाजलेल्या सुराचा एक ठिपका ही सर्वांत सोपी आणि बहुतांश वेळा पुरेशी तडजोड आहे, कारण वाजवणाऱ्याचे लक्ष त्याच सुरावर असते. पण वाजवणारा एमपीई कीबोर्ड वापरत असेल, म्हणजे प्रत्येक बोट आपापल्या सुराला वेगळे वळण देत असेल, तर सगळ्या व्हॉइसचे फिकट ठिपके आणि शेवटच्या सुराचा ठळक ठिपका काढणे उपयोगी पडते. एकही सूर वाजत नसताना व्हॉइसचे ठिपके नाहीसे झाले पाहिजेत. शेवटच्या जागी गोठलेला ठिपका पाहून वापरणाऱ्याला वाटते की तिथे अजून काहीतरी चालू आहे, आणि तो अडकलेला सूर शोधत बसतो. मात्र किल्ली सोडल्यावर रिलीज, म्हणजे सूर विरण्याचा काळ, संपेपर्यंत ठिपका राहिला पाहिजे, कारण तोपर्यंत आवाज आहे. मॉड व्हील आणि सगळ्या व्हॉइसना सामाईक असलेला एलएफओ यांचे ठिपके सूर नसतानाही चालू राहतात. हा फरक डोळ्यांना दिसला, की कोणता एलएफओ सुराबरोबर नव्याने सुरू होतो आणि कोणता नाही हे पुस्तिका न उघडता समजते.

दुसरा प्रश्न वेळेचा. पडदा सेकंदाला ६० चित्रे काढतो आणि ४८ किलोहर्ट्झच्या आवाजात दोन चित्रांच्या मध्ये ८०० नमुने निघून जातात. एलएफओ सेकंदाला एक-दोन आवर्तनांचा असेपर्यंत ठिपका सुरेख झुलतो. पण ५९ हर्ट्झचा एलएफओ ६० चित्रांच्या पडद्यावर सेकंदाला एक आवर्तन या संथ गतीने उलट्या दिशेने चालताना दिसेल आणि बरोबर ६० हर्ट्झचा तर थांबलेलाच दिसेल. चित्रपटात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात त्यातलाच हा प्रकार. ठिपका तेव्हा सरळ खोटे सांगत असतो. उलट बाजूने, २ मिलिसेकंदांचा अटॅक (एन्व्हलपची सुरुवातीची चढण) म्हणजे अवघे ९६ नमुने. तो आणि त्यामागचा झटपट डिके (चढणीनंतरची उतरण) दोन चित्रांच्या फटीत संपूनही जाऊ शकतात, आणि कानाला स्पष्ट ऐकू आलेला टोला पडद्यावर उमटतच नाही.

दोन्हींवर इलाज एकच आहे. ऑडिओ थ्रेडने (प्रोग्रामच्या आवाज तयार करणाऱ्या स्वतंत्र भागाने) केवळ शेवटची किंमत न ठेवता मागच्या चित्रानंतरची सर्वांत लहान, सर्वांत मोठी आणि शेवटची अशा तीन किमती ठेवाव्यात आणि पडद्याने त्या उचलल्यावर पुन्हा नव्याने मोजणी सुरू करावी. लहान ते मोठी एवढा पट्टा रंगवा, शेवटच्या किमतीवर ठिपका ठेवा. गती संथ असताना पट्टा ठिपक्याइतकाच अरुंद राहतो; गती वाढली की तो आपोआप शेपटीसारखा लांबतो आणि आणखी वाढली की पूर्ण पल्ला भरून स्थिर होतो. साधारण १२ हर्ट्झच्या वर मी ठिपका काढतच नाही. तिथून पुढे गती वाढत जाईल तसा कान तरी वर-खाली होणे कुठे ऐकतो. त्याला खरखर किंवा नवा स्वर-रंग ऐकू येतो. त्याच कारणाने ऑडिओ गतीच्या एफएममध्ये (एका ऑसिलेटरने दुसऱ्याची कंपनसंख्या हलवण्यात) नॉबवर हालचाल दाखवण्याला काही अर्थ उरत नाही. तिथे मात्रा आकड्यात द्यावी आणि चित्र काढायचेच असेल तर परिणामाचे, म्हणजे स्पेक्ट्रमचे काढावे.

या किमती एका थ्रेडवरून दुसऱ्याकडे नेताना ऑडिओ थ्रेडने कधीही कुलूप घेऊन थांबायचे नाही आणि मेमरी मागायची नाही, हे तुम्हाला माहीत असेलच; साध्या अॅटॉमिक (एका झटक्यात लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या) किमती किंवा न थांबणारी रिंग बफर (गोल फिरणारी रांग) पुरते, आणि ती भरली तर दाखवायची किंमत खुशाल टाकून द्यावी. कमी बोलली जाणारी अडचण मोठ्या ब्लॉकची, म्हणजे एका दमात तयार होणाऱ्या नमुन्यांच्या गठ्ठ्याची, आहे. वापरणाऱ्याने २०४८ नमुन्यांचा ब्लॉक ठेवला असेल तर ४८ किलोहर्ट्झला तो ४२.७ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे नवी किंमत अडीच चित्रांतून एकदा येते आणि ठिपका लंगडत चालतो. तुमचे इंजिन आतल्या आत ३२ किंवा ६४ नमुन्यांच्या तुकड्यांत चालत असेल, तर प्रत्येक तुकड्याची किंमत तिच्या नमुना-क्रमांकासह रिंग बफरमध्ये टाका आणि पडद्याला ती वेळेप्रमाणे उलगडू द्या. यामुळे ठिपका गुळगुळीत चालतोच, शिवाय आवाज स्पीकरपर्यंत पोहोचायला लागणारा उशीर धरून तो तेवढाच मागेही ठेवता येतो. गाणे फाइलमध्ये उतरवताना होस्ट प्रत्यक्ष वेळेपेक्षा जलद धावतो. तेवढा वेळ ठिपके बंदच ठेवावेत.

चित्र काढण्याच्या खर्चाबद्दल फार लिहीत नाही. नॉबची पार्श्वभूमी एकदा प्रतिमा म्हणून काढून ठेवा, दर चित्राला फक्त ठिपक्याचा पट्टा पुसून पुन्हा काढा, ठिपका अर्ध्या पिक्सेलहून कमी सरकला असेल तर तेही करू नका, आणि खिडकी बंद असताना टायमर थांबवा. एका प्रकल्पात या सिंथच्या वीस प्रती असू शकतात.

कडे एवढे काम करत असेल तर मॅट्रिक्स कशासाठी, असे वाटेल. कडे ‘या नॉबवर किती’ याचे उत्तर देते. ‘हा एलएफओ कुठे कुठे गेला आहे’ हे विचारायला तक्ताच लागतो, कारण निम्मे नॉब दुसऱ्या टॅबवर असतात. दुसऱ्याने बनवलेला प्रीसेट उघडून तो समजून घेणाऱ्याला तर तक्ता हा पहिला थांबा वाटतो. प्रत्येक ओळीत स्रोत, मात्रा, वक्र, डेस्टिनेशन (स्रोत ज्याला हलवतो तो पॅरामीटर) आणि तात्पुरते बंद करण्याचे बटण असावे. ओळीवर माउस नेला की तिचा नॉब उजळावा आणि नॉबवर नेला की त्याच्या ओळी. मॉड व्हील जेव्हा एलएफओची मात्राच बदलत असते, तेव्हा कड्यावर पूर्ण पल्ला फिकट ठेवून सध्या लागू असलेला भाग ठळक करा. व्हील वर सरकवताना कंस काट्यापासून उमलत जातो आणि संबंध लगेच ध्यानात येतो. त्याहून खोल साखळी, म्हणजे मात्रेच्या मात्रेवर आणखी कोणी, तक्त्यातच राहू द्या.

हालचाल पूर्ण बंद करण्याची सोय द्यावी. अंधाऱ्या मंचावर लॅपटॉप समोर ठेवून वाजवणाऱ्यांना ती हवी असते, आणि काहींना सतत हलणाऱ्या पडद्याचा प्रत्यक्ष त्रास होतो. पूर्ण नॉब उजळून विझेल अशी उघडझाप तर करूच नका. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सेकंदाला ३ पेक्षा जास्त लखलखाट टाळण्याचा नियम आहे, आणि ८ हर्ट्झचा चौकोनी एलएफओ तो सहज मोडतो.

तुमच्या १६ व्हॉइसच्या सिंथसाठी मी आधी ठिपके सगळे काढून टाकेन आणि फक्त स्थिर कंसांची आवृत्ती दोन-तीन वादकांना देईन. कंस ओढून मात्रा बदलताना शेजारी खरा आकडा दाखवा, टक्के नव्हेत: कटऑफला ‘+२४ सेमीटोन’, व्हॉल्यूमला ‘−६ डीबी’, पॅनला डावे-उजवे. त्या आवृत्तीत ज्या नॉबांबद्दल ते विचारतील की हा आत्ता नेमका कुठे आहे, ठिपका आधी त्या नॉबांना द्या.